घरच्या घरीं गिटारीचें ध्वनिमुद्रण

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटलें असेल. ध्वनिमुद्रण म्हटलें कीं कांचेच्या खिडकीपलीकडे बसलेला तंत्रज्ञ, भिंतींना लावलेलीं जाड आवरणें आणि दारावर पेटणारा तांबडा दिवा असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें काम घरीं, आणि त्यांतही नारायण पेठेंतल्या दहा-बारा फुटी खोलींत कसें व्हावयाचें, ही शंका रास्त आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हीं साधनें इतकीं आवांक्यांत आलीं आहेत कीं, यंत्राची अडचण आतां फारशी उरलेली नाहीं. उरली आहे ती कानाची अडचण. वादकानें कोठें बसावें, मायक्रोफोन कोठें ठेवावा, आणि एकाऐवजीं दोन ठेवावयाचे झाल्यास त्यांचें परस्परांशीं नातें कसें असावें, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करूं. मी संगीतज्ञ नव्हें आणि तंत्रज्ञही नव्हें. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना गणित व सृष्टिज्ञान शिकविलें, एवढेंच माझें भांडवल. पण या विषयाला तेवढें भांडवल पुरतें, असा माझा अनुभव आहे.

प्रथम हा खटाटोप करावयाचा कशासाठीं, तें सांगतों. पुण्यांत १९११ सालीं ज्यांनीं भारत गायन समाजाची स्थापना केली ते गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या आपण आजही ऐकतों. पण बुवांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याला उपलब्ध नाहीं. यंत्र नव्हतें म्हणावें, तर तसेंही नाहीं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गायसबर्ग १९०२ सालींच कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचें गाणें टिपून गेले होते. उलट मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं गेले, तरी त्यांचा सूर त्यांच्या तबकड्यांमुळें आज आपल्या घरांत नांदत आहे. दोघेही थोर. एकाचा आवाज राहिला, दुसऱ्याची केवळ कीर्ति राहिली. आपल्या घरांतलीं माणसें एवढीं थोर नसतील. पण त्यांच्या हातांतली कला त्यांच्याबरोबर जाते, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. थोरांची काळजी कंपन्या घेतील, सरकार घेईल. आजोबांच्या गिटारीची काळजी घरच्यांनींच घ्यावयाची आहे.

गिटार हें वाद्य आपल्याकडे परकें मानण्याचें आतां कारण नाहीं. गोमंतकांत मांडो या गीतप्रकाराला व्हायोलिन आणि घुमट यांच्या जोडीनें गिटारीची साथ कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीला तरफांची जोड देऊन तिच्यावर रागदारी वाजविली. अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह त्यांनीं केलेली ध्वनिमुद्रिका १९९३ सालीं निघाली आणि पुढल्याच वर्षीं तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. ती ध्वनिमुद्रिका कॅलिफोर्नियांतल्या एका प्रार्थनामंदिरांत तयार झाली, आणि तिच्यासाठीं मायक्रोफोनची जी मांडणी केली होती, तिचा शोध एका इंग्रज तंत्रज्ञानें १९३१ सालीं लावलेला होता. त्या शोधाकडे आपण आतां वळूं.

आपल्याला दोन कान कां दिले आहेत, हा प्रश्न मी वर्गांत नेहमी विचारीत असें. एखादा खोडकर विद्यार्थी सांगे, "गुरुजी, धरायला सोयीचे पडावे म्हणून!" खरें उत्तर निराळें आहे. आपल्या दोन कानांमध्यें सुमारें १७ सेंटिमीटरांचें अंतर असतें. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर धांवतो. उजव्या बाजूनें हांक आली तर ती उजव्या कानाशीं आधीं पोंचते आणि डाव्या कानाशीं सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतक्या उशिरानें पोंचते. शिवाय मध्यें डोकें आडवें येत असल्यामुळें डाव्या कानाला ती किंचित् मंदही ऐकूं येते. खर्जांतल्या स्वरांची दिशा मुख्यतः या वेळेच्या फरकावरून कळते आणि उंच स्वरांची दिशा मुख्यतः जोराच्या फरकावरून कळते, हें लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं दाखवून दिलें. मेंदू हा हिशेब क्षणोक्षणीं करीत असतो, आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते.

एकच मायक्रोफोन म्हणजे एकच कान. त्याला स्वर कळतो, दिशा कळत नाहीं. दोन मायक्रोफोन लावून त्यांचें म्हणणें दोन कानांना निरनिराळें पोंचविलें, तर दिशाही परत मिळते, हें प्रथम लक्षांत आलें तें १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत. क्लेमां आदेर यांनीं तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेनें टेलिफोनचे प्रेषक मांडून त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. दोन्ही कानांना एकेक टेलिफोन लावणाऱ्याला गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला सरकला तेंही उमजूं लागलें. त्यानंतर पन्नास वर्षांनीं, १९३१ च्या डिसेंबरांत, ॲलन ब्लूमलीन या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या इंग्रज तंत्रज्ञानें स्टीरिओ ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठीं अर्ज केला. आज आपण जें कांहीं करतों त्याचा बराचसा पाया त्या एका अर्जांत आहे. १९४२ सालीं रडारच्या चांचणीच्या वेळीं विमान कोसळून ब्लूमलीन मरण पावला. स्टीरिओ तबकड्या बाजारांत सर्रास येऊं लागल्या त्या १९५८ सालीं. त्या पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें नाहीं.

आतां गिटारीकडे पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, गिटारीचा आवाज तिच्या मधल्या गोल भोंकांतून निघतो, तेव्हां मायक्रोफोन त्या भोंकाच्या तोंडाशीं धरावा. ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या भोंकांतून मुख्यतः आंतल्या हवेचा घुमारा बाहेर पडतो, आणि तो सेकंदाला सुमारें शंभर कंपनांच्या आसपासचा, म्हणजे खर्जांतला असतो. मायक्रोफोन तेथें धरला तर मडक्यांत बोलल्यासारखा घुमटलेला आवाज मिळतो. तारांचें कंपन घोडीच्या द्वारें पुढल्या फळीला मिळतें आणि ती सबंध फळी आवाज देते. घोडीजवळ लांकडाचा भरदारपणा ऐकूं येतो. दांडीकडे, बाराव्या पडद्याजवळ, तारांचा लखलखीतपणा आणि बोटांची हालचाल ऐकूं येते. मिरजेची सतार किंवा तंबोरा ज्यांनीं जवळून ऐकला आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको. भोपळ्याशीं कान नेला तर एक वाद्य ऐकूं येतें आणि दांडीशीं नेला तर दुसरेंच. समोर हातभर अंतरावर बसलें म्हणजे दोहोंचें मिळून जें होतें तेंच खरें वाद्य. म्हणून नियम असा कीं, मायक्रोफोन मांडण्यापूर्वीं एक कान बोटानें बंद करून वादकाभोंवतीं हळूहळू फिरावें, आणि जेथें वाद्य सर्वांत गोड लागेल तेथें मायक्रोफोनचें तोंड आणावें. बहुधा ती जागा दांडी जेथें पेटीला मिळते तिच्यासमोर, एक फुटाच्या अंतरावर सांपडते.

वाद्यानंतर खोली. खोली हेंही एक वाद्यच आहे, आणि दुर्दैवानें तें आपल्याला न विचारतां वाजतें. माझी खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. बारा फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्यें सेकंदाला सुमारें ४७ कंपनांचा आवाज आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ९४ कंपनांचा आवाज विशेष घुमतो. गिटारीची सर्वांत खालची तार मोकळी छेडली असतां सुमारें ८२ कंपनें देते. म्हणजे त्या तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावरचे स्वर या घुमाऱ्यांत नेमके सांपडतात आणि इतरांपेक्षां उगाच मोठे वाजतात. यावर गोधड्या टांगण्याचा उपाय पुष्कळजण करतात. गोधडीनें उंच स्वरांचा खणखणाट कमी होतो, हें खरें. शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरावी, उघड्या भिंतीवर जाड रजई सोडावी, पुस्तकांचें कपाट वादकाच्या पाठीशीं असूं द्यावें. परंतु ९४ कंपनांच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरांहून अधिक असते. ती गोधडीला दाद देत नाहीं. तिच्यावर खरा उपाय म्हणजे खुर्ची हलविणें. खोलीच्या बरोबर मधोमध बसूं नये, कोंपऱ्यांतही बसूं नये. लांबीच्या एकतृतीयांशावर बसून, पुढें मोकळी जागा राहील असें तोंड करावें, आणि तेथून वीतभर पुढें-मागें सरकून तेच दोन-तीन स्वर पुनःपुन्हां वाजवून पाहावे. या उपायाला एक पैसा लागत नाहीं.

बाहेरच्या आवाजाचें काय करावें? नारायण पेठेच्या एका अंगाला लक्ष्मी रस्ता, दुसऱ्या अंगाला केळकर रस्ता. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर केसरीवाड्याच्या आसपास राहणाऱ्यानें ध्वनिमुद्रणाचें नांवच काढूं नये. ते दिवस ऐकण्याचे आहेत, टिपण्याचे नाहींत. एरवीं पहांटे साडेचार ते साडेपांच हा वेळ उत्तम; पुढें देवळांतल्या घंटा आणि दुधाच्या गाड्या सुरू होतात. दुसरा वेळ दुपारीं एक ते चार. पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारच्या विश्रांतीवर जगानें पुष्कळ विनोद केले. पण त्या विश्रांतीनें ध्वनिमुद्रणावर केवढे उपकार केले आहेत, हें त्या विनोदी मंडळींना ठाऊक नाहीं. पंखा बंद करावा. शीतकपाटही तेवढ्यापुरतें बंद करावें, आणि नंतर तें सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून आपल्या घराची किल्ली त्यांतच ठेवावी. लॅपटॉप शक्य तर स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. म्हणजे घरांतल्या विजेची जी पन्नास कंपनांची भुणभुण कधीं कधीं तारेंतून येते, ती टळते.

आतां मुख्य विषय, दोन मायक्रोफोनची मांडणी. मायक्रोफोन कंडेन्सर जातीचे व एकाच बनावटीचे घ्यावे. त्यांना ४८ व्होल्टांचा दाब लागतो. तो, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्या लहानशा पेटींतून मिळतो. ही पेटी मायक्रोफोन व संगणक यांच्या मधला दुभाषी होय. साधा मायक्रोफोन समोरचें जास्त व पाठीमागचें कमी ऐकतो. त्याचें श्रवणक्षेत्र कागदावर काढलें तर हृदयाच्या आकाराचें दिसतें. दुसरी एक जात पुढचें व मागचें सारखेंच ऐकते आणि दोन्ही बाजूंना बहिरी असते. तिचा आकार आठाच्या आकड्यासारखा होतो. हा आठ इंग्रजी समजावा, मराठी नव्हे.

पहिली मांडणी दूरदूर ठेवलेल्या जोडीची. एक मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर, दुसरा घोडीसमोर, दोन्ही वाद्यापासून फूटभर. आवाज रुंद व भरदार येतो. हेडफोन लावून ऐकलें तर आपण गिटारीच्या पोटांत बसलों आहों असें वाटतें. पण येथें एक धोका आहे. समजा, एखादा स्वर एका मायक्रोफोनला आधीं पोंचला आणि दुसऱ्याला १७ सेंटिमीटर अधिक चालून पोंचला. पुढें हे दोन्ही आवाज एकत्र मिसळले, तर सुमारें एक हजार कंपनांच्या ठिकाणीं एकाची लाट वर असतांना दुसऱ्याची खालीं असते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. याच्या वरही ठराविक अंतरानें असेच खड्डे पडतात. आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखा होतो. अशा वेळीं तंत्रज्ञ एक-तिनाचा नियम सांगतात: वाद्यापासून मायक्रोफोनचें जें अंतर असेल त्याच्या तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्यें असावें. तिप्पट अंतरावरून येणारा आवाज सुमारें साडेनऊ डेसिबलनें उतरतो व भांडण्याइतका बलवान् राहत नाहीं, हें त्याचें मर्म. अनेक वादकांपुढें अनेक मायक्रोफोन असतील तेथें हा नियम चोख आहे. एकट्या गिटारीपुढें तो अक्षरशः पाळावयास गेलें तर दुसरा मायक्रोफोन वाद्याच्या पार बाहेर जातो. म्हणून येथें सुतळी घेऊन, दांडी व पेटी यांच्या सांध्यापासून दोन्ही मायक्रोफोनांचें अंतर सारखें करावें आणि मग कानानें निवाडा करावा.

दुसरी मांडणी फुलीची. दोन मायक्रोफोनांचीं तोंडें एकावर एक, जवळजवळ एकाच बिंदूंत आणून त्यांच्यामध्यें ९० अंशांचा कोन करावयाचा. एकच जागा असल्यामुळें वेळेचा फरक जवळजवळ राहत नाहीं. डावें-उजवें कळतें तें केवळ जोराच्या फरकावरून. चित्र जरा अरुंद येतें, पण दोन्ही बाजू मिसळल्या तरी लाटांचें भांडण होत नाहीं. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा. ब्लूमलीनची स्वतःची मांडणी याच जातीची. मात्र त्यानें आठाकृति मायक्रोफोन वापरले. ते पाठीमागचेंही तितकेंच ऐकत असल्यामुळें त्यांना उत्तम आणि प्रशस्त दालन लागतें. प्रार्थनामंदिरांत ती मांडणी शोभली. आपल्या खोलींत ती समोरच्या गिटारीइतकीच पाठीमागची मोरी ऐकवील.

तिसरी मांडणी फ्रेंच नभोवाणीच्या तंत्रज्ञांनीं १९६० च्या सुमारास रूढ केली. दोन मायक्रोफोनांच्या तोंडांमध्यें १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. अंतर कानांचें, आणि कोनामुळें डोक्याच्या आडोशासारखा थोडा परिणाम. वेळेचा फरक व जोराचा फरक हे दोन्ही येथें मिळतात, म्हणून ऐकणाऱ्याला समोर बसून ऐकल्याचा भास होतो. मात्र जोडी वाद्यापासून दोन-तीन फूट मागें ठेवावी लागते, आणि मागें गेलें कीं खोली अधिक ऐकूं येते. ज्याची खोली चांगली त्यानें ही मांडणी करावी.

चौथी मांडणी मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यांत गणित आहे. एक मायक्रोफोन सरळ गिटारीकडे. त्याला मधला म्हणूं. त्याच्याच जागीं दुसरा, आठाकृति, आडवा ठेवलेला. त्याला कडेचा म्हणूं. कडेचा मायक्रोफोन समोर बहिरा असतो. तो फक्त डावीकडचें व उजवीकडचें ऐकतो, आणि एका बाजूचें अधिक चिन्हानें तर दुसऱ्या बाजूचें उणे चिन्हानें ऐकतो. आतां मधला अधिक कडेचा म्हणजे डावी बाजू, आणि मधला उणे कडेचा म्हणजे उजवी बाजू. बेरीज-वजाबाकी शिकलेला कोणताही मुलगा पुढचें सांगेल: डावी व उजवी पुन्हां मिळवली कीं कडेचा साफ नाहींसा होतो आणि मधल्याची दुप्पट शिल्लक राहते. म्हणजे स्टीरिओ ऐकणाऱ्याला रुंदी मिळते, आणि एकाच कर्ण्यावर ऐकणाऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. आणखी एक सोय अशी कीं, कडेच्याचें प्रमाण मुद्रणानंतरही कमीजास्त करतां येतें. खोली किती ऐकवावी, हें आपल्या हातांत राहतें.

एका कर्ण्याची एवढी चिंता कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. आपली मुलेंबाळें हें मुद्रण बहुधा टेबलावर ठेवलेल्या लहानशा यंत्रावर, एकाच कर्ण्यांतून ऐकणार. म्हणून प्रत्येक मांडणी केल्यावर दोन्ही बाजू मिसळून एकदां ऐकावें. आवाज बारीक किंवा पोकळ झाला, तर एक मायक्रोफोन दोन बोटें सरकवावा आणि पुन्हां ऐकावें. दुसरी दक्षता पातळीची. संगणकांत शून्य डेसिबल ही भांड्याची कड समजावी. दूध तिच्यावर गेलें कीं उतूं जातें आणि तें परत भरतां येत नाहीं. वादकाला त्याचा सर्वांत जोरकस भाग वाजवावयास सांगून कांटा उणे बाराच्या आसपास ठेवावा. सेकंदाला ४८,००० नोंदी आणि प्रत्येक नोंद २४ बिटांची, एवढें घरगुती कामास पुरून उरतें.

आमच्या वाड्यांत या चारही मांडण्यांची परीक्षा पाहण्याचा योग आला. खालच्या मजल्यावर एक विद्यार्थिनी राहते. तिची वादनाची गति जलद, बोटें स्वच्छ. तिला चारही मुद्रणें क्रमांक न सांगतां ऐकविलीं. तिनें फुलीची मांडणी निवडली. "आजोबा, यांत प्रत्येक तार वेगळी ऐकूं येते," ती म्हणाली. जलद वादनाला स्वच्छता हवी, आणि फुलीच्या मांडणींत खोली कमी व तारा अधिक ऐकूं येतात. तिची निवड बरोबर होती.

माडीवर राहणारे आमचे अण्णा यांची गोष्ट निराळी. त्यांनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. बँकेच्या नोकरींत मडगांवास असतांना एका सहकाऱ्याकडून ते गिटार शिकले आणि तेव्हांपासून रोज संध्याकाळीं झोपाळ्याशेजारच्या खुर्चीवर बसून वाजवीत आले. आतां त्यांचा हात कांपतो. दिवसांतून एखादीच गत मनासारखी उतरते. दिवाळीनंतर आमचा वाडा पाडला जाणार आहे. तेथें नवी इमारत उभी राहील. त्यांची मुलगी टोरांटोला असते. तिच्यासाठीं म्हणून मुद्रण करावयाचें ठरलें, तेव्हां अण्णा म्हणाले, "मास्तर, यंत्र लावा, पण तें केव्हां सुरू केलें तें मला सांगूं नका. आणि चुकलेलें खोडूं नका." दोन्ही अटी मान्य केल्या. त्यांची खुर्ची जागची हलविली नाहीं, गोधड्या टांगल्या नाहींत. चौथ्या प्रकारची मांडणी केली आणि सलग पांच दिवस, दुपारीं दोन वाजतां, अर्धा अर्धा तास मुद्रण चालू ठेविलें. चौथ्या दिवशीं एक गत अशी उतरली कीं, हात कांपतो हें विसरावें.

जोडणी करतांना कडेच्याचें प्रमाण मी मुद्दाम वाढतें ठेविलें, म्हणजे गिटारीबरोबर खोलीही आली. टोरांटोहून मुलीचा दूरध्वनि आला. वादनाविषयीं ती पुष्कळ बोलली, पण तिचा पहिला प्रश्न असा होता: "काका, डावीकडे करकरतात त्या झोपाळ्याच्या कड्याच ना?" त्या कड्याच होत्या. दोन मायक्रोफोनांचा सारा खटाटोप कशासाठीं, याचें याहून चांगलें उत्तर मला देतां येणार नाहीं. एका मायक्रोफोननें तिला वडिलांची गिटार ऐकूं आली असती. दोहोंमुळें गिटार मध्यें व झोपाळा डावीकडे राहिला आणि तिला आपल्या घरांत बसतां आलें. हें घर पुढल्या वर्षीं नसेल. पण त्या वीस मिनिटांत तें जेथल्या तेथें उभें आहे.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. कड्यांची करकर हा दोष नव्हे काय? विकावयाच्या ध्वनिमुद्रिकेंत तो दोष ठरेल, आणि त्या विद्यार्थिनीच्या मुद्रणांत मींही तो ठेविला नसता. तिला आपली कला परीक्षकांपुढें मांडावयाची आहे. तेथें खोलीनें गप्प बसावें हेंच योग्य. अण्णांच्या मुद्रणाचा हेतु वेगळा होता. म्हणून मायक्रोफोनला हात लावण्यापूर्वीं, हें कोणासाठीं करावयाचें आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचें उत्तर मिळालें कीं चार मांडण्यांपैकीं कोणती घ्यावी, हें बहुतेक आपोआप ठरतें.

शेवटीं दोन-तीन किरकोळ पण उपयोगी सूचना. तारा नव्या घालावयाच्या असतील तर त्या मुद्रणाच्या एक-दोन दिवस आधीं घालाव्या. अगदीं ताज्या तारा सुरांत ठरत नाहींत. प्रत्येक गतीपूर्वीं स्वर मिळवून घ्यावे. पावसाळ्यांत लांकूड ओलावा धरतें आणि वाद्याचा आवाज दबतो. शक्य तर मुद्रण थंडींत करावें. वादकाची बाही, अंगठी, बांगडी आणि खुर्चीचा पाय हे चौघे आवाज करणारे आहेत. त्यांची आधीं तपासणी करावी. आणि गत संपली कीं लगेच बोलूं नये. शेवटचा स्वर पुरता विरेपर्यंत श्वास रोखून बसावें.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी. जुन्या काळच्या तबकड्यांत गाणें संपतांना गायिका स्वतःचें नांव उच्चारीत असे. गौहरजान यांचा तो उच्चार प्रसिद्धच आहे. ती चाल आपण घरगुती मुद्रणांत पुन्हां सुरू करावी. वादकानें स्वतःच्या तोंडानें आपलें नांव, गांव, दिनांक आणि काय वाजविलें तें सांगावें. मग त्या मुद्रणाच्या दोन प्रती कराव्या आणि दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. पन्नास वर्षांनीं कोणी तें उघडील, तेव्हां त्याला कोण, कोठें आणि केव्हां हें विचारावें लागूं नये. आपल्या घरांत कोणी वाजविणारें, गाणारें असेल तर येत्या रविवारीं दुपारीं दोन वाजतां पंखा बंद करा आणि त्यांना वाजवावयास बसवा.